कुंकवाची विहीर

शांताबाई गेल्याचा निरोप घेऊन सांगलीचा माणूस आला, तेव्हा मी देवीपुढं कुंकू मांडत होतो. त्याला महिना झाला. इतकी वर्षं मी मूग गिळून बसलो आणि भोगलं त्या बाईनं. आता तरी बोलतो.

शिराळ्याकडच्या आमच्या गावात शांताबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. तिथं औषधाआधी येशूची प्रार्थना ऐकावी लागे. कळवळणाऱ्या माणसाला बाई प्रार्थनेवाचून औषध देत आणि पाद्रीसाहेबांची बोलणी खात. गावाला ते कुठं दिसायला! लढाईच्या दिवसांत पटकीची साथ आली, बाई विहिरीत टाकायचं लाल औषध घेऊन गेल्या, तर बायका पायऱ्यांवर आडव्या बसल्या. "आमाला बाटवाय आलीया," म्हणाल्या. दोन दिवसांत तीन चिता पेटल्या. तिसरी माझ्या धाकट्या भावाची.

स्मशानातनं मी थेट दवाखान्यात गेलो. म्हणालो, "द्या ती बाटली. मी देवीचा गुरव, देवीचं कुंकू म्हणून सोडतो."

"दादा, खोटं नको. औषध आहे म्हणूनच सांगा."

"आवं, सांगून ऐकत्यात व्हय? आदी जगू द्या, मग सांगू की."

बाईंनी बाटली दिली. मी घंटा वाजवत गेलो, पाणी लाल झालं, लोकांनी हात जोडले. आठवड्यात साथ हटली आणि माझा मान काय वाढला म्हणता! खरं सांगायचं राहून गेलं... राहून कसलं, मीच सांगितलं नाही. वरच्या धनगरवाडीची माणसं तोवर बाईंचं ऐकून पाणी उकळून पीत होती. त्यांच्या कानावर देवीची करणी गेली. माझ्याच देवळातनं त्यांनी कुंकू नेलं, मुठीमुठीनं विहिरीत सोडलं आणि उकळणं बंद केलं. वाडीवर सात माणसं गेली.

देवीच्या कुंकवाला कोण बोल लावणार! बोभाटा झाला तो असा, की मिशनच्या बाईनं विहिरीत विष कालवलं. दवाखान्यावर दगड पडले. चावडीत जाब विचारला तेव्हा बाईंनी एकदाच माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली. नालायक माणूस मी, दुसरं काय! मिशननं त्यांना सांगलीला धाडलं. जाताना त्या औषधाची नवी बाटली देवळाच्या पायरीवर ठेवून म्हणाल्या, "साथ परत येईल दादा. तुमच्या हातनं लोक घेतात, तर तुम्हीच टाका. पण औषधाचं नाव सांगून टाका."

साथ परत आली. मी औषध टाकलं, नाव सांगितलं नाही.

परवा मात्र ती बाटली घेऊन वाडीवर चढलो आणि विहिरीपाशी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता जोडे पडणार. ज्या म्हातारीचा लेक त्या साथीत गेला, ती तेवढी काठी टेकत पुढं आली.

"गुरवा, दवाखान्यावर पयला दगुड म्या मारला हुता," ती म्हणाली. "ती बाई कुटं असती आता?"

बाई गेल्याचं तेवढं मी सांगितलं नव्हतं. बाटली परत देवीच्या पायाशी आणून ठेवलीय. अर्धी अजून शिल्लक आहे.