निकेल-६२ आणि माझं गप्प बसणं

पेंदाम सरांची माफी मागायला माझ्याकडे दोन वर्षं होती.

काल सर गेले.

सावलीच्या ज्युनियर कॉलेजात ते आम्हाला फिजिक्स शिकवायचे, तासिका तत्त्वावर. त्यांचं गाव तिकडे एटापल्लीत, लोखंडाच्या खाणी असलेल्या सूरजागडच्या डोंगराखाली.

बाइंडिंग एनर्जी मला कळली ती त्यांच्यामुळे. अणूच्या केंद्रकातले प्रोटॉन-न्यूट्रॉन सुटे करायला दर कणामागे जितकी एनर्जी लागते, तितकं ते केंद्रक पक्कं.

सगळ्यात पक्कं कोणतं? बहुतेक पुस्तकांत लोखंड-५६. चंद्रपूरच्या माझ्या क्लासच्या नोट्समध्येही तेच, बोल्ड अक्षरात.

दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला त्याच कॉलेजात मी प्रमुख पाहुणा होतो. शाल, नारळ, माईक, सगळा थाट. मी लोखंडाचं सांगितलं आणि मागच्या रांगेतून सर उठले.

"लोखंड नाई बा. निकेल-बासष्ट. जराकच जास्त आहे, पन आहे."

मी माईकवरच म्हणालो, "सर, सूरजागडचे असून तुम्हीच लोखंडाला नाही म्हणता?"

पोरं हसली. प्राचार्यही हसले.

सर "असन" म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाइंडिंग एनर्जीच्या आकड्यांचं टेबल काढून पाहिलं. फरक दशांशाच्या तिसऱ्या घरात होता. पण निकेलच वर होतं.

फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

क्लासच्या ॲडमिशन सुरू व्हायच्या होत्या. उगाच पचका कशाला, असं वाटलं. खरं सांगतो, एवढंच वाटलं.

जूनमध्ये सरांना तास मिळाले नाहीत. त्या हसण्याचा त्याच्याशी काही संबंध होता का, हे मी कोणाला विचारलं नाही. उत्तराची भीती वाटत होती.

नोट्स मात्र गुपचूप दुरुस्त केल्या.

आज मातीला गेलो होतो. सरांच्या बायकोने मला ओळखलं.

"तुमीच ना जी ते क्लासवाले? सर लय दिवस म्हनत, त्याचा फोन येईन. मी म्हनो, काऊन येईन? तं म्हनत, माह्या हाताखालचा पोरगा आहे. तो टेबल उघडून पाह्यल्याशिवाय राहनार नाई."

मग हळूच विचारलं, "पाह्यलं नाई का मंग तुमी?"

"पाहिलं होतं, काकू. दुसऱ्याच दिवशी."

त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि त्या आत गेल्या. मी बसू शकलो नाही.

सर, मी टेबल उघडून पाहीन हे तुम्ही बरोबर ओळखलं होतं.

फोन करीन, एवढंच तुमचं चुकलं.

मान खाली घालून शेवटचा नमस्कार.