वर थोडी कोथिंबीर

समोर चिटपाखरू नसलं तरी त्या टेबलावर बोटांनी दोनदा टकटक करायच्या आणि ओरडायच्या, "नेक्स्ट!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून मागे पाहिलं. कोणी नव्हतं. इथे परदेशात, डँडेनॉन्गच्या बाजारात शनिवारची सकाळ होती, अजून गर्दी व्हायची होती. माझ्या टेबलावर चटण्या-लोणची, शेजारच्या टेबलावर त्यांच्या मिरच्या, चवळीच्या शेंगा, गवती चहा आणि कोथिंबीर. सगळं लेकीच्या घरामागच्या वाफ्यांतलं. वय पासष्टीच्या आसपास, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, मनगटात रबरबँड. त्या मूळच्या हनोईच्या. बाजारात सगळे त्यांना आंटी म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले.

तुम्ही भाजी घेताना विकणाऱ्याकडे नीट बघता का? मी बघते, मला तो नादच आहे. विकणारा माणूस गिऱ्हाईक लांबून दिसलं तरी तोंडभर हसतो. आंटी हसायच्या नाहीत. गिऱ्हाइकाकडे अशा बघायच्या, की त्या बिचाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. एका माणसाने त्यांच्या मिरच्या चाळवल्या, तर त्यांनी त्याच्या हातावर टपली मारली. "नो टच! आय गिव्ह!"

एकदा एक खानावळवाली बाई आली आणि म्हणाली, सगळ्या मिरच्या द्या.

"नो. वन पर्सन, हाफ किलो."

"पण दुसरं कोणीच नाहीये इथे!"

"अँड पीपल बिहाइंड?"

मागे खरंच कोणी नव्हतं. खानावळवाली "नो वरीज" म्हणून निघून गेली. मला राहवेना. "आंटी, सगळा माल जात होता ना!" त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. "पीपल बिहाइंड ईट व्हॉट?" मागच्यांनी काय खायचं?

हे सगळं गमतीचं होतं, पण त्यांच्यासाठी गंमत नव्हती. नवरा गेल्यावर लेकीने त्यांना इकडे आणलं होतं. पाच वर्षांच्या नातीत त्यांचा जीव अडकला होता, पण जावयाच्या घरी बसून खाणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. शेवटी जावयाने ईस्टरपर्यंत हे टेबल भाड्याने घेऊन दिलं. चाललं तर आंटी इथे राहणार, नाही चाललं तर हनोईला बहिणीकडे परत. शनिवारी दुपारी उरलेल्या भाजीच्या पाट्या गाडीत ठेवताना तो जावई नुसता त्या पाट्यांकडे बघायचा.

फेब्रुवारीत नाशिकहून माझी आई आली. पहिल्याच शनिवारी तिने माझ्या टेबलामागे बसून अर्धा तास आंटींचं निरीक्षण केलं आणि निकाल दिला. "ही बाई रेशनच्या दुकानात होती."

"काहीतरीच काय, आई!"

"अगं, मी आयुष्यभर त्या रांगेत उभी राहिलेय. मला विचार. ती नजर तीच आहे."

मी आंटींना विचारलं. आईचं बरोबर होतं. त्या हनोईत सरकारी दुकानात काउंटरवर होत्या. कुपनावर लिहिलेलं असेल तेवढंच मिळायचं, तांदळात खडे निघाले तरी माणसं गुपचूप घेऊन जायची. पहाटेपासून रांग लागायची. ज्यांना दुसरी कामं असत, ते आपल्या जागी वीट ठेवून जात. हे मी आईला सांगितलं, तर ती खुश झाली. "आम्ही रॉकेलचा डबा ठेवायचो!"

मग तिथल्या सरकारने धोरण बदललं. ज्याला जे पिकवायचं ते पिकवा, हवं तिथे विका. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण ते प्रत्यक्षात दिसलं कसं, याचं मला फार कुतूहल होतं. एका रात्रीत झालं का? मोर्चे निघाले का?

आंटींनी खांदे उडवले. "वन मॉर्निंग, नो लाइन."

एवढंच. त्या दुकान उघडून बसल्या, टेबलावर टकटक केलं, नेक्स्ट म्हणाल्या, आणि समोर कोणी नव्हतं. रस्त्यापलीकडे एक बाई टोपली घेऊन बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "ताई, या ना" म्हणत होती. सगळी रांग तिच्याभोवती.

"वाईट वाटलं तुम्हाला?"

"आय ऑल्सो बाय फ्रॉम हर," त्या म्हणाल्या. "हर व्हेजिटेबल व्हेरी गुड." आणि चक्क हसल्या. त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होते.

पण "ताई, या ना" त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. आईने ते मनावर घेतलं. तिने चवळीच्या शेंगा घेतल्या, पिशवी पुढे केली आणि बोटाने दाखवलं. "और थोडा कोथिंबीर, ऊपर से."

"नॉट युअर शेअर," आंटी म्हणाल्या.

"अगं, ती वर द्यायची असते! फुकट!"

"फ्री? व्हाय फ्री?"

आईने मला हुकूम सोडला, "सांग तिला. माणूस परत यावा म्हणून."

मी सांगितलं. आंटींना ते खरोखरच कळत नव्हतं. "माय शॉप, एव्हरीबडी कम बॅक," त्या म्हणाल्या. "व्हेअर दे गो?"

जातील कुठे! आईचीही अर्धी हयात त्याच एका दुकानापुढे गेली होती. पण ती हरणारी नव्हती. दर शनिवारी ती शेंगा घ्यायची आणि कोथिंबीर मागायची. दर शनिवारी आंटी "नॉट युअर शेअर" म्हणायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण भांडण मात्र अगदी नीट चालायचं.

ईस्टर आला. टेबल चाललं नव्हतं. जावयाने पुढचं भाडं भरलं नाही. आंटींचं हनोईचं तिकीट निघालं, आईचंही नाशिकचं निघालं होतं. शेवटच्या शनिवारी नात आजीच्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती. आंटींनी तिला अलगद खाली ठेवलं, टेबलावर टकटक केलं.

"नेक्स्ट!"

समोर आईच उभी होती. आंटींनी शेंगा तोलल्या, पिशवीत भरल्या. आई या वेळी काही मागत नव्हती, तिचे डोळे भरून आले होते. आंटींनी कोथिंबिरीची मोठी जुडी उचलली, एकदा आईच्या मागे पाहिलं. मग ती जुडी पिशवीत वर खोचली.

"अगं, आता कशाला?" आई म्हणाली. "आता मी कुठे परत येणार? तू तरी कुठे येणार?"

मी ते इंग्रजीत सांगायला गेले. पण आंटींना ते बहुतेक आधीच कळलं होतं. त्यांनी आईचा हात धरून ठेवला होता.

आता त्या टेबलावर एक जण मोबाइलची कव्हरं विकतो. हसरा आहे, धंदा बरा करतो. आई दर शनिवारी नाशिकहून फोन करते. लोणची किती गेली, हे नंतर. आधी विचारते, "आंटी आली का गं?"

"नाही, आई. त्या हनोईला असतात आता."

"येईल," आई म्हणते. "कोथिंबीर दिलीय तिने."