व्हॅनकाकांनी पाठवलेला इशारा

आमच्या गल्लीतली शाळकरी मुलं ज्यांच्या व्हॅनमधून जातात, त्यांना सगळे व्हॅनकाका म्हणतात. गाडी पांढरी, चालवणं संथ आणि स्वभाव जरा हट्टी. त्यांचा एक नियम आहे: परतीच्या वाटेवर झोपलेलं मूल उठवायचं नाही. डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून ते मुलाच्या अंगावर टॉवेल पांघरतात आणि त्याला खांद्यावर टाकून जिना चढतात. आमची नात चिमणी तर शाळेचं फाटक ओलांडलं की झोपलीच.

एका सकाळी पालकांच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला. सोबत वरून काढलेला एक व्हिडिओ होता. पाठमोरा माणूस, खांद्यावर झाकलेलं निपचित मूल, बाजूला गाडीचा पांढरा कोपरा. वर लिहिलेलं: ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात.’ खाली काकांनी स्वतः जोडलं होतं: ‘सर्वांनी सावध राहा. माझ्याशिवाय कोणाच्याही हाती मूल देऊ नका.’

सूनबाईने तो पुन्हा पुन्हा पाहिला. मग फोन माझ्यापुढे धरला.

“बाबा, हा पाय बघा. एक मोजा पिवळा, एक निळा. परवा जोडी सापडली नाही म्हणून मीच असे घातले होते. ही आपली चिमणी आहे.”

तिने लगेच काकांना फोन लावला.

“काका, व्हिडिओतला माणूस तुम्हीच आहात.”

“छे हो ताई. त्याला मागे केवढं टक्कल आहे बघा.”

“आणि खांद्यावर आमची चिमणी आहे. मोजे बघा.” तेवढ्यात फोनवर मागून काकूंचा आवाज आला, “कधीची सांगतेय, तेल लावा. ऐकतंय कोण.”

काकांनी घाईने मेसेज काढून टाकला. पण तोवर व्हिडिओ इतर ग्रुपांवर फिरला होता, आणि कुणीतरी ‘पोलीस काही करत नाहीत, आपणच बघून घ्यायचं’ अशी ओळही चिकटवली होती.

निवृत्त झाल्यापासून मी घरीच असतो. दुपारी व्हॅन आली नाही, तेव्हा सूनबाई आणि मी चौकापर्यंत गेलो. चार-पाच तरुणांनी गाडी अडवली होती. एकाने किल्ली काढून घेतली होती, दुसऱ्याची मूठ काकांच्या कॉलरवर होती. काकांचं तोंड पांढरं पडलं होतं, पण पाठ त्यांनी दाराला लावून ठेवली होती, कोणी आत हात घालू नये म्हणून.

“हा तू नाहीस?” एकाने फोन नाचवला.

“मीच आहे. पण मलाही आज सकाळीच कळलं.”

कॉलर धरणारा गोंधळला. खिडकीतून जाग्या झालेल्या चिमणीचं डोकं बाहेर आलं. त्याने आवाज मऊ केला. “बाळा, घाबरू नकोस. हे तुला कुठे नेतात?”

“घरी. पण तुम्ही मध्ये उभे आहात.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सूनबाई पुढे झाली. “व्हिडिओतलं मूल माझं आहे. ते आमच्याच घरी नेलंय. आता कॉलर सोड आणि किल्ली दे.” कॉलर सुटली. किल्ली परत आली. माफी मात्र एकट्याच मुलाने मागितली, तीही चपलेकडे बघत.

व्हिडिओ समोरच्या इमारतीतल्या शिक्षिकाबाईंनी काढला होता. त्यांनी बहिणीला पाठवताना लिहिलं होतं, ‘किती जपून नेतोय बघ.’ पुढे कोणाच्या हाती ते शब्द बदलले, हे त्यांनाही सांगता आलं नाही. त्यांनी सगळीकडे खुलासा टाकला. खुलासा काही व्हिडिओच्या वेगाने पळाला नाही. दोन घरांनी मुलं काढून घेतली. काका त्या रिकाम्या जागांकडे आरशातून बघायचे आणि विषय बदलायचे.

पालकांनी सुचवलं, “काका, आता मुलांना उठवतच जा.”

“झोपलेलं मूल उठवायला मी काय गजराचं घड्याळ आहे? घरच्यांनी खाली यावं. मी सावलीत थांबतो.”

हे मात्र सगळ्यांना पटलं. आमच्या घरून मीच जातो. चिमणी त्यांच्या खांद्यावरून माझ्या खांद्यावर येते तेव्हा ते दर वेळी बजावतात, “मान धरा, आजोबा.” आयुष्यभर ऑफिसात लोकांना शिस्त लावली, आता काकांचं ऐकून घेतो, आणि आवडतंही.

परवा आम्ही असेच उभे असताना, मुलगा काढून घेतलेल्या दोन आयांपैकी एक आली. मुलाचा हात धरलेला, नजर गाडीच्या चाकावर.

“काका, खिडकीची जागा आहे का?”

काकांनी तिच्याकडे न बघता मागचं दार उघडलं.

“खिडकी चिमणीची. मधली आहे. सोमवारपासून वेळेत खाली आणा.”