माशाला काय सुना असतात?

आमच्या मेहुण्याइतका माशांचा कैवारी अख्ख्या मावळात झाला नाही आणि होणारही नाही. माणसांना त्याचा काय ताप होतो ते मला विचारा. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. कान्हे गावाजवळ नदीकाठी त्याचं शेत, शेतात तळं, तळ्यात नदीचं पाणी आणि रोहू-कटल्याची पिल्लं. दुसरी माणसं भेटली की 'जेवलास का' म्हणतात, हा विचारतो, "उरलेल्या गोळ्या कुटं टाकल्या?" एका लग्नात नवरदेवाच्या चुलत्याला त्यानं भर पंगतीत हेच विचारलं. चुलता जिलबी चघळत म्हणाला, "मोरीत." झालं! "बीपीची गोळी तुमी खा की! माशाला कशापायी? त्याला काय सुना हायत?" मांडव हसला, चुलता रुसला आणि आम्ही दोघं उपाशी घरी आलो.

मीही त्याला येडाच म्हणायचो. मग एकदा त्यानं परातीत पिल्लं घेऊन दाखवली. नखाएवढी. कुणाचा कणा वाकडा, कुणाला शेपूट धड नाही, एक नुसतंच गोल फिरत होतं. "दाजी, माणसाचं औषध गटारात, गटारातनं नदीत. मोठा मासा तगतो, पोरं अंड्यातच बिघडत्यात." असल्या पिल्लांना तो वेगळ्या टाकीत ठेवतो, तिला 'दवाखाना' म्हणतो आणि खाणं आधी तिथं टाकतो.

यंदा माझी बायको गेली. माणसाच्या मागं राहिलेलं नदीत सोडायची आमच्यात रीत. दहाव्याला घाटावर मी तिचं लुगडं सोडलं आणि गोळ्यांची पिशवी उचलली, तर ह्यानं भटजींसमोर माझं मनगट धरलं.

"दाजी, गोळ्या न्हाई."

"अरे, तुझीच बहीण ना ती! सुखानं जाऊ दे की तिला."

"व्हय, माझीच. आक्कानं उभ्या जन्मात कुणाच्या लेकराचं वाकडं केलं न्हाई. आता तिच्या नावानं करू नका."

भावकी कुजबुजली. मला राग आला होता, तरी दिली पिशवी. तळेगावला दवाखान्याची औषधं जाळायला नेतात, त्यांच्याकडं देतो म्हणाला.

मग पायरीवर बसून त्यानं पिशवी उघडली. एक अर्धं पाकीट हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिला.

"एवढ्या खायच्या राहिल्या व्हत्या आक्काच्या," म्हणाला.

मी शेजारी टेकलो. खाली पिंडाच्या भाताला मासे जमले होते, चांगले सरळ, चपळ. त्यानं एकदाही तिकडं पाहिलं नाही.