तीन बोटांची मूठ
काळेवाडीत हार्डवेअरच्या दुकानात कुणी एपॉक्सी गोंदाची ट्यूब उघडली की तो उग्र वास मला थेट आमच्या जुन्या खोलीत नेतो. उत्पादन वाढावं म्हणून कंपनीने पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा, हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवला होता आणि त्या प्रेसखाली वडिलांची दोन बोटं गेली. कंपनी त्याला अपघात म्हणाली. मी आजही म्हणत नाही. "हातात पकड राहिली नाही," असं सांगून त्यांना मशीनवरून काढलं आणि साहेबांच्या गोल्फच्या मैदानावर चेंडू वेचायला लावलं. तिथे टाकून दिलेलं एका काठीचं लोखंडी डोकं त्यांनी घरी आणलं, भंगारातल्या नळीवर एपॉक्सीने बसवलं. मुठीवर सायकलची ट्यूब चढवून तिच्यात उरलेल्या तीन बोटांपुरत्या खाचा केल्या. आई म्हणाली, "अहो, साहेबलोकांचा खेळ आपल्याला कशाला?" "खेळतंय कोण? पकड आहे एवढं दाखवतो, मशीन परत देतील." रविवारी मीही सोबत गेलो. वडिलांनी साहेबांसमोर चेंडू मारला, तो सरळ लांबवर गेला. साहेब खूश झाले. "क्या बात है, मामा! हँडिकॅप किती तुमचा?" वडिलांनी पंजा वर धरला. "दोन बोटं, साहेब." सगळे पोट धरून हसले. हँडिकॅप म्हणजे त्या खेळात खेळाडूचा दर्जा सांगणारा आकडा, हे मला फार नंतर कळलं. मशीन काही परत मिळालं नाही. आता कंपन्यांच्या गेटवर पत्रकं वाटायला जाताना आमच्या कामगार युनियनचा झेंडा मी त्याच काठीला बांधतो. मूठ घट्ट धरली की माझी दोन बोटं बाहेरच राहतात.