चिंच, चाकं आणि सोनेरी रंग

माझी गाडी विकली जावी अशी इच्छा असणारा मी एकटा नव्हतो, आमची अख्खी चाळ होती.

लालबागच्या आमच्या चाळीच्या चौकात जेमतेम एक गाडी मावते आणि गणपतीत नेमका तिथेच मंडप पडतो. त्या दिवसांत माझी जुनी गाडी कुठे ठेवायची यावरून दरवर्षी रणकंदन! त्या वर्षी मी भर मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगून टाकलं, "मंडपाचे बांबू यायच्या आत गाडी विकतो."

मंडळाचा सेक्रेटरी संद्या म्हणजे माझा शाळासोबती. तो म्हणाला, "नाय विकलीस ना, तर गाडीसकट मंडप बांधणार. मग बोलायचं नाय!" सगळे हसले. मीही हसलो. (मी हसायला नको होतं.)

गिऱ्हाईक मिळालं. माझगावचे साळवी. त्यांनी फोनवरच बजावलं, "इंजिनबिंजिन मी बघत नाही. मी गाडी चाकांवरून ओळखतो. एकदा पाहिलेलं चाक जन्मात विसरत नाही!"

आणि माझ्या गाडीची नेमकी चाकंच तर बिघडलेली! मी शिवडीला गोदामात नोकरीला. गाडी रोज दिवसभर खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात उभी. तिची ॲलॉयची चाकं, ज्यांच्या चकाकीला भुलून मी ती घेतली होती, आता नायटा झाल्यासारखी दिसत होती. पांढरी भुकटी काय, फोड काय, पापुद्रे काय! गॅरेजवाला म्हणाला, घासून रंगवायला आठवडा लागेल. साळवी तर दुसऱ्याच दिवशी येणार होते!

आई गॅलरीत गणपतीची भांडी घासायला बसली होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "तोंड कित्याक पाडलंस? चाकां वर घेऊन ये. समईचा काळां जाता, तर ह्यांचा जाऊचा नाय?"

मी गाडी जॅकवर चढवली, खाली विटा लावल्या आणि एकेक चाक धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर नेलं. आईने चिंच, राख आणि धुण्याचा सोडा यांचा दणदणीत लेप थापला आणि समई, निरांजनं, ताम्हन यांच्या रांगेत चाकं दुपारभर मुरत ठेवली. संध्याकाळी सगळं धुतलं. समई सोन्यासारखी लखलखत होती. चाकं मात्र तव्यासारखी काळीठिक्कर!

"अगं आई, हे काय झालं?"

आईने चाकाकडे निरखून बघितलं. "धातूच बरो नाय रे ह्यो. घेताना पितळेची बघून घेऊची होतीस!"

सकाळी शेवटची आशा म्हणून शेजारच्या बबनकाकांना हाक मारली. काका मूळचे गिरणीत विणकर. संपात माग सुटला तेव्हापासून मूर्तींच्या कारखान्यात मुकुट आणि दागिने रंगवतात. म्हणाले, "हात्तिच्या! चंदेरी मारला की झालं. जा, चहा सांगून ये."

मी चहा सांगून आलो. चार चाकं, चारही सोनेरी! कडेला वेलबुट्टी आणि प्रत्येक बोल्टच्या जागी लालभडक माणिक!

"काका!!"

"चंदेरी संपला रे. आणि गणपतीच्या दिवसांत ब्रश हातात घेतला की हात आपोआपच चालतो."

एवढ्यात खालून ठोकाठोकी ऐकू आली. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. बांबू एक दिवस आधीच आले होते आणि विटांवर बसलेल्या माझ्या गाडीच्या चहूबाजूंनी उभे राहत होते.

"संद्या, थांब रे! गिऱ्हाईक येतंय!"

"सरकव ना मग," संद्या खालून ओरडला. "चाकं कुठायत तिची?"

ती वर, ओली. त्याच वेळी साळवी आले. त्यांनी पिंजऱ्यातली बिनचाकी गाडी पाहिली. मग बबनकाका मोठ्या कौतुकाने एक चाक घेऊन आले, ते पाहिलं. "मी गाडी बघायला आलोय, तमाशा नाही!" एवढं बोलून ते चालते झाले.

माझी चाळभर शोभा झाली. संद्यालासुद्धा दया आली, पण दोरखंड आवळले गेले होते. शेवटी बबनकाकाच म्हणाले, "मग रथ करूया की!" चाकं बसवली, गाडीला प्लायवूडचं कवच चढवलं, वर छत्री लावली आणि पुढ्यात बाप्पा विराजमान! परळपासून माणसं बघायला आली. आई प्रत्येकाला सांगत होती, "चाकां मी घासलंय." खोटं कशाला बोलू, गाडी विकली गेली नाही याचं दुःख मी पार विसरलो. मला फार बरं वाटत होतं.

पाचव्या दिवशी मी दर्शनाच्या रांगेत उभा होतो आणि माझ्या पुढे कोण, तर सहकुटुंब साळवी! चाकापाशी येताच त्यांनी हात जोडले. "वा! काय चाकं आहेत! अशी चाकं मी जन्मात पाहिली नाहीत!"

ही संधी कोण सोडतो? मी हळूच त्यांच्या कानाशी लागलो. "साहेब, विसर्जनानंतर विकायची आहेत. गाडीसकट."

साळवी विंचू चावल्यासारखे मागे सरले. "देवाच्या रथाचा सौदा करता? लाज नाही वाटत?"

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. "काय माणसं असतात!" मागून कोणीतरी म्हणालं. संद्याने शिट्टी मारली, "ओ, नमस्कार करा आणि पुढे चला!"

मी मुकाट्याने माझ्याच गाडीच्या पुढच्या चाकाला वाकून नमस्कार केला आणि पुढे सरकलो.