भाऊजींचे डोहाळे

"धाकटी? छे गं, तिची काही काळजी नाही. मुकीच आहे म्हण ना! तिच्यासमोर काहीही बोला, भिंतीला सांगितल्यासारखं."

हे सासूबाई इंदूरच्या मावशींना फोनवर सांगत होत्या. भिंत त्या वेळी शेजारच्या स्वयंपाकघरात बसून गवार मोडत होती.

मला राग आला नाही. खोटं काय होतं त्यात? मी साताऱ्याची. लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा कळलं की या घरातली मराठी अर्ध्या वाक्यात वळण घेते आणि हिंदीत शिरते. मी उत्तर जुळवेपर्यंत विषय संपलेला असतो. पण गप्प माणसाचा एक फायदा असतो. लोक त्याच्यासमोर सगळं बिनधास्त करतात. आणि पाहिलेलं, ऐकलेलं बाहेर पडलं नाही की साठत जातं, माळ्यावरच्या डब्यांसारखं. एक काढायला जावं तर बाकीचे धडाधड अंगावर!

माझे बहुतेक डबे भाऊजींचे आहेत. भाऊजी म्हणजे प्रसाद, माझे मोठे दीर. मंडीदीपला एका कारखान्यात इंजिनियर. त्यांची बायको मेधाताई, माझ्या जाऊबाई, शाळेत गणित शिकवतात. माझं लग्न होतंय न होतंय तोच ताईंना दिवस गेले.

म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं तसं. घरात मात्र दिवस भाऊजींना गेले होते!

*

बातमी सांगितली तीसुद्धा भाऊजींनीच. सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "आम्ही प्रेग्नंट आहोत!"

सासरे पेपर वाचत होते. ते जुन्या वळणाचे. सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याहून इथे आले आणि परत जायचं राहून गेलं. त्यांनी चष्मा वर केला. "दोघंही?"

"हौ बाबा! आजकल असंच म्हणतात."

ताई या सगळ्यात नव्हत्याच. त्या बाथरूममध्ये उलट्या करत होत्या.

आवाज ऐकून भाऊजी दारापर्यंत गेले आणि तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. "यार, मला पण कसंतरी होतंय." सासूबाई लिंबू-पाणी घेऊन धावल्या. त्यांना खुर्चीत बसवलं, पंखा फास्ट केला, कपाळावर हात फिरवला. "फार हळवा आहे गं माझा प्रसाद. लहानपणी कुत्रीला पिल्लं झाली तरी हा जेवायचा नाही."

ताई तोंड पुसत बाहेर आल्या. लिंबू-पाण्याचा रिकामा ग्लास खुर्चीखाली होता. त्यांनी तो वाकून उचलला आणि विसळून ठेवला.

*

उन्हाळ्यात ताईंना कैरी खावीशी वाटली. नुसती, मीठ लावून. भाऊजी खूश. बायकोचे डोहाळे पुरवणं म्हणजे पुण्य! पिशवी घेऊन ते बिट्टन मार्केटच्या बाजाराला निघाले. बाजार घरापासून हाकेवर. ताई बशीत मीठ-तिखट घेऊन गॅलरीत बसल्या.

बऱ्याच वेळाने भाऊजी आले. चेहऱ्यावर अगदी खजिना सापडल्याचं तेज. पिशवी टेबलावर ओतली. गुलाबी-हिरव्या वळ्यावळ्यांच्या शेंगा, आमच्याकडच्या विलायती चिंचा!

"जंगल जलेबी!" भाऊजी ओरडले. "आमच्या स्कूलच्या मागे झाड होतं. अपन ने बहुत पत्थर मारे हैं। किती वर्षांनी दिसली यार! म्हातारी बसली होती घेऊन, सगळी टोपलीच उचलली."

एकेक शेंग सोलत त्यांनी झाडाची गोष्ट सांगितली, मग वॉचमनची, मग वॉचमनने पकडलेल्या मित्राची. सासूबाईंनी डोळे पुसले.

ताईंनी विचारलं, "आणि कैरी?"

"अरे हां," भाऊजी तोंडातली बी काढत म्हणाले. "वो रह गई।"

ताईंनी बोट बशीत बुडवलं आणि नुसतं मीठ-तिखट चाटलं.

*

आमच्या घरात पूर्वेला एक छोटी खोली आहे. सकाळचं ऊन येतं, वारा येतो. ताईंनी ती बाळासाठी मागितली. त्यांचं या घरातलं ते पहिलंच मागणं असावं, कारण सगळे जरा दचकले.

भाऊजींनी रविवारी बाह्या सरसावल्या. खोली रिकामी केली, चुना मारून घेतला. मला वाटलं, चला, एक काम तरी झालं.

मग माळ्यावरून सामान उतरायला लागलं. कॅरम. टेपरेकॉर्डर. खोकंभर कॅसेट, त्यातल्या अर्ध्या रीळ बाहेर आलेल्या. पतंगांच्या चरख्या. क्रिकेटची बॅट, हँडल नसलेली. गोट्यांची बरणी. सगळं त्या खोलीत लागलं, अगदी शो-रूमसारखं.

"हे काय?" ताई दारातूनच म्हणाल्या.

"बाळासाठी! आपल्या बापाचं बचपन कसं होतं, कळायला नको त्याला?"

"आणि ते झोपणार कुठे?"

"अगं, अपन लोक कुठे झोपायचो? कुठेही!"

तेवढ्यात ताईंच्या आईने उज्जैनहून पाळण्याची मच्छरदाणी पाठवली. पांढरीशुभ्र, कडेला झालर. पाळणा ठेवायला जागा नव्हती. भाऊजींनी मच्छरदाणी उघडून बघितली, कापड हाताने चाचपलं, "क्या बात है" म्हणाले.

सध्या ती कॅरमवर आहे. धूळ बसत नाही.

*

पण स्कूटरपुढे कॅरम काहीच नाही.

सासऱ्यांची जुनी स्कूटर जिन्याखाली पडून होती. बाप होणार कळल्यावर भाऊजींना ती दुरुस्त करायची हुक्की आली. "बाबांनी मला या स्कूटरवर पुढे उभं करून पूरा भोपाल फिरवला. मी पण माझ्या बाळाला फिरवणार!" मग सोफ्यावर नटबोल्ट, बेसिनमध्ये काळं तेल, फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटलीशेजारी ग्रीसचा डबा. किक मारून मारून भाऊजींचा पाय सुजला. ताईंचेही पाय सुजायला लागले होते. घरात शेकायची पिशवी एकच. ती कोणाच्या पायाशी असायची, हे मी सांगायची गरज नाही.

ताईंची सोनोग्राफी होती तो दिवस. डॉक्टरीणबाईंनी भरपूर पाणी पिऊन यायला सांगितलं होतं. ताई पाणी पिऊन, साडी सावरून, गेटशी येऊन उभ्या राहिल्या. भाऊजी कार काढणार, एवढ्यात त्यांना वाटलं, निघता निघता स्कूटरला एक किक मारून बघू.

आणि ती सुरू झाली!

"एक राउंड, मेधा! सिर्फ एक राउंड!" धुराचा लोट सोडत भाऊजी गेले. गोविंदपुऱ्याकडे त्यांचं जुनं क्वार्टर आहे. लहानपण तिथे गेलं. वाट आपोआप तिकडेच वळली असणार. कारची चावी त्यांच्या खिशात.

ताई उभ्या. पाणी प्यायलेल्या. फोन लावला तर तो हॉलमध्ये वाजला.

शेवटी मी ऑटो थांबवला. रस्त्यातला प्रत्येक खड्डा ताईंनी डोळे मिटून सोसला. डॉक्टरीणबाई मोठ्या प्रेमळ. तपासता तपासता म्हणाल्या, "पापा नहीं आए? बच्चे की धड़कन सुनते तो खुश हो जाते।"

ताई छताकडे बघत म्हणाल्या, "पापा बचपन में गए हैं, मैडम। अभी लौटे नहीं।"

*

आम्ही परत आलो तेव्हा भाऊजी घरी पोचलेले होते आणि रुसलेले होते. "माझ्याशिवाय गेलात? पहिली धडकन मी मिस केली! ये मोमेंट फिर से आएगा क्या?"

सासूबाई मला म्हणाल्या, "थांबायचं ना गं जरा. किती मन लावून करतोय तो सगळं."

मी नेहमीप्रमाणे आत जाऊन चहा टाकला.

*

मग भाऊजींनी गर्भसंस्कार मनावर घेतले. कुठेतरी ऐकलं की बाळाला बापाचा आवाज ओळखीचा व्हायला हवा. रोज जेवण झालं की ते ताईंच्या पोटाशी स्टूल ओढून बसत आणि बाळाला गोष्टी सांगत. राजाराणीच्या नाहीत. स्वतःच्या. कॉलनीच्या मॅचमध्ये शेवटच्या बॉलवर सिक्स कसा मारला, बॉल कोणाच्या खिडकीत गेला, ती खिडकी कोणत्या रंगाची होती. ताई बसल्या बसल्या झोपलेल्या असत. भाऊजींची त्याला हरकत नव्हती. श्रोता वेगळा होता.

एकदा ते एकदम उडाले. "लाथ मारली! आई, बघ, सिक्स मारला म्हटलं आणि लाथ मारली! ऐकतोय तो!"

सासरे पेपरामागून म्हणाले, "ऐकतोय ना. म्हणूनच."

*

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं, ओटी भरायची आणि मुलीला तिच्या आईकडे पाठवायचं. उज्जैन म्हणजे काही परदेश नाही. ताईंनी बॅगसुद्धा भरून पलंगाखाली ठेवली होती.

विषय निघाला तेव्हा भाऊजी जेवत होते. घास तसाच ठेवला. "मग माझं काय?"

"तुमचं काय म्हणजे?" ताईंनी विचारलं.

"इतके महिने मी सगळं फील केलं. आता एंडला तू निघून जाणार? मी इथे एकटा?"

घरात त्यांच्याशिवाय चौघं होतो.

सासूबाईंनी त्यांच्या ताटात अजून एक पोळी वाढली. "राहू दे गं मेधा माहेर या वेळी. त्याचा जीव तुटतोय. इथे काय कमी आहे तुला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गच्चीत कपडे वाळत घालत होतो. भाऊजींचे ग्रीसचे डाग पडलेले शर्ट. ताई कठड्याला टेकून दम खात म्हणाल्या, "मला फक्त आईकडे जाऊन झोपायचंय गं. कोणाची गोष्ट न ऐकता." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू बोलत नाहीस ते बरं करतेस. मी बोलते. उपयोग काय होतो?"

मी चिमटा लावला. पण तो डबा माळ्यावर गेला नाही. खालीच राहिला, पायात येत.

*

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी भाऊजींच्या मंडीदीपच्या मित्रांनी त्यांनाच पार्टी दिली. परत आले ते छातीवर आडवा सोनेरी पट्टा लावून. त्यावर "होने वाले पापा". कारखान्याच्या बसमधून तसेच आले म्हणे. "सगळे सीट देत होते!"

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मंडपवाल्याने झोपाळा उभा केला होता. मी आणि माझा नवरा निखिल, दोघांनी तो झेंडूने आणि मोगऱ्याने मढवला. ताई हिरवी साडी नेसल्या, गळ्यात-हातात फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण. पाय इतके सुजलेले की चपला माझ्या घातल्या होत्या. उज्जैनहून त्यांच्या आई आल्या होत्या, भाड्याची गाडी घेऊन. गाडी खाली उभी होती. कॉलनीतल्या बायका गालिच्यावर बसून वाट बघत होत्या.

ताई झोपाळ्यापर्यंत आल्या, तर भाऊजी पुढे. "थांब थांब. आधी मी चेक करतो. मंडपवाल्याचा काय भरोसा!" आणि बसले. पट्ट्यासकट.

एक झोका घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला डोळे मिटले.

"आई, आठवतं? क्वार्टरच्या मागे कडुलिंबाला झोका होता... निखिल, फोटो काढ ना! असा, साइडने. पैर से धक्का दे थोड़ा."

ताई उभ्या. धनुष्याला टेकून.

"बसू दे गं त्याला जरा," सासूबाई बायकांकडे बघून हसल्या. "हौस आहे त्याची. त्यालाही सातवाच चालू आहे म्हणा ना!"

बायका हसल्या. ताईंच्या आई हसल्या नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "प्रसादराव, ओटी झाली की मेधाला घेऊन निघू का? गाडी थांबलीय."

"नाही हो मम्मी!" झोपाळा पुढे आला. "मेधा कुठे जात नाही." झोपाळा मागे गेला. "या सगळ्यातून मी पण चाललोय ना?"

ताईंनी आईकडे बघितलं, आणि मग जमिनीकडे.

ओटीचं ताट माझ्या हातात होतं. खण, नारळ, तांदूळ. घरची सवाष्ण म्हणून पहिली ओटी मी भरायची, असं सासूबाईंनीच ठरवलं होतं. मी ताट घेऊन पुढे झाले आणि झोपाळ्यासमोर थांबले. झोपाळाही थांबला. हॉलमध्ये एकदम शांत झालं, कारण मी तोंड उघडलं होतं.

"भाऊजी, उठू नका. शर्ट पुढे धरा, ओटी तुमचीच भरते. माहेरपणाला तुम्हाला कुठे जायला नको, तुमच्या आई इथेच आहेत. ताईंच्या आई उज्जैनला असतात. ताईंची बॅग मी सकाळीच गाडीत ठेवलीय."